हिरवे डाग

बारामतीच्या कॉलेजात माझी रसायनशास्त्राची पीएच.डी. चालली होती, सासर अंथुर्ण्यात, आणि मधे रोजची एसटी. प्रयोगशाळेत मी एक पिवळी पूड बनवली होती. तिचे रेणू विरघळून मोकळे फिरायला लागले की ती मिणमिणतसुद्धा नाही; दाटीत अडकले, हलता येईना, की जांभळ्या उजेडात हिरवीगार चमकते. आमचे सर कौतुकानं म्हणायचे, "कोंडल्यावर उजळते बघा!" असा संताप यायचा! घ्या की सर स्वतःला कोंडून, बघू किती उजळता.

आता ती जिवंत पेशींत घालून बघायची होती. त्यासाठीचा सूक्ष्मदर्शक पुण्यात. दोन महिने तिथंच राहायला हवं. आमच्या ह्यांनी हात झटकले, "आबांना विचार." आबा म्हणजे सासरे. म्हटलं, माझं काम डोळ्यांनी बघतील तर हो म्हणतील. संध्याकाळी पुडीची कुपी आणि नोटा तपासायची जांभळी बॅटरी घरी आणली, स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि बॅटरी लावली.

कुपी काढायच्या आधीच घर चमकलं. नळाच्या तोटीवर हिरवी बोटं. गॅसच्या बटणावर, पिठाच्या डब्यावर, मोरीच्या कडीवर. हातमोजे न काढताच पर्सची चेन उघडायची माझी खोड; तिथून पूड हाताला आणि हातावरून घरभर. ह्यांच्या खुर्चीवर मात्र एक ठिपका नाही.

आबा वाकून वाकून बघत होते. "आगं, समदीकडं तूच हायस की!"

मला वाटलं, कळलं यांना. बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू.

"मग तू गेल्यावर हे समदं कुनी बघायचं? न्हाय, न्हाय. तुज्याबिगर घर चालायचं न्हाय."

आणि आबा हे मायेनं म्हणाले. रागावले असते तर मी भांडले तरी असते!

मग मी बॅटरी मारून मारून एकूण एक डाग पुसला. सरांनी कुपी दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर पाठवली. काही दिवसांनी मोबाइलवर फोटो आला: काळ्याभोर अंधारात हिरव्या पेशी. मी कणीक मळत होते. पिठाच्या बोटांनीच फोटो मोठा केला.

"काय हाय गं?" आबांनी विचारलं.

"माझी पूड," मी म्हटलं. "पुण्याला गेली."