गेममधलं दार आणि आमच्या क्वार्टरची बेल

मंडळी, आजच घडलेलं सांगतो.

दुपारी जुन्या कॉम्प्युटरवर लहानपणीचा गेम लावला. आधी आपण आपले सैनिक हलवायचे, मग शत्रू त्याचे हलवतो. मेलेला सैनिक परत येत नाही. मी सैनिकांना घरच्यांचीच नावं दिलेली. बंद दार उघडायला नेहमीसारखं 'आई'ला पाठवलं. आतून गोळी आली. आई पडली.

तेवढ्यात टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरची बेल वाजली. आई पदराला हात पुसत निघाली.

"आई, उघडू नकोस!" मी किंचाळलो.

तिने उघडलंसुद्धा. शेजारच्या तिवारी आंटी होत्या. "भाभी, आपकी कटोरी."

बाबा, ताई, मी, सगळे घरातच होतो. जागचं कोणी हललं नव्हतं.

तुमच्याकडे दार कोण उघडतं हो?

थांबा, परत बेल वाजली. आई उठली.