शेटची मोटार, सरकारची गाडी

गाडीत चढण्याआधी आबा डोक्यावरची टोपी काढायचे, मांडीवर झटकायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "चला, धन्याचं काम." कुणाला म्हणायचे कोण जाणे. मी जवळ असलो तर मान हलवायचो.

त्या काळी बारामती–इंदापूर रस्त्यानं तुम्ही गेला असाल, तर आबांच्या गाडीत बसला असालच. उंच, जरासे वाकलेले, मिशी पांढरी, हात मात्र तरण्या गड्याचे. मी त्यांचा कंडक्टर. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण रस्त्याला ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे ते आबाच.

आधी हा रस्ता एका शेटचा होता. त्याची सर्व्हिस मोटार आबा चालवायचे. माणूस हात करील तिथं थांबायचं आणि जागा संपली की टपावर चढवायचं, हा शेटचा कायदा. एकदा आबांनी सांगितलं, ब्रेक नीट लागत नाही. शेट म्हणाला, "मग हळू चालवा." आबा हे हसून सांगायचे. पुढं म्हणायचे, "हळू चालवली तर म्हनं उशीर का झाला."

मग एक दिवस नारळ फुटला, हार पडले, भाषणं झाली आणि रस्ता सरकारचा झाला. शेटनं मोटारी काढून टाकल्या, उसाच्या वाहतुकीला ट्रक घेतले. आबा आणि मी खाकी कपड्यांत आलो. स्टँडवर कुणीतरी म्हणालं, "आबा, सरकारचं जावई झाला की!"

"जावयाला धोतरजोडी देत्यात. मला इजार दिली, तीबी आखूड."

नव्या धन्याबद्दल आबांचं मत पटकन ठरेना. ब्रेक आता दुरुस्त व्हायचे, पण अर्ज दिल्यावर, आणि अर्ज कुणाकडं द्यायचा ते ठरल्यावर. एकदा बिघडलेल्या गाडीपाशी ताटकळत बसलो असताना ते म्हणाले, "शेटला तोंडावर शिव्या देता येत न्हवत्या, पन मागं तरी देता यायच्या. सरकारला कुठं तोंड करून द्यायच्या, सांग. मुंबईकडं का दिल्लीकडं?"

पण सरकारनं आठवड्याची सुट्टी दिली, हे ते कबूल करायचे. जन्मात पहिल्यांदा मिळालेली ती सुट्टी त्यांना वापरता येईना. पहिल्या सुट्टीला ते स्टँडवरच्या लिंबाखाली येऊन बसले आणि दुसऱ्याच्या हातातली आपली गाडी बघत राहिले. त्यांच्या घरच्या, आमच्या काकी, वैतागल्या. मला म्हणाल्या, "घरात पाव्हण्यावानी बसत्यात, न्हायतर स्टँडवर पळून येत्यात." पुढं मात्र हळूहळू ते घरी राहू लागले. काकी भाकरी थापायच्या आणि हे चुलीपाशी बसून नुसतं बघायचे.

त्याच सुमारास आमच्या भागात सहकारी कारखान्याचं वारं आलं. बागायतदार शेअर घेऊ लागले. गाडीत दुसरं बोलणंच नसे. मी आबांना विचारलं, "सहकार म्हंजे कसं, आबा?"

"सगळ्यांचा कारखाना."

"म्हंजे आपलाबी?"

गिअर बदलून ते म्हणाले, "आपून सगळ्यांत कुठं येतो लेका?"

त्या कारखान्याचा पाया घालायला मुंबईहून मोठे पुढारी येणार होते. नेमका तो इंदापूरच्या बाजाराचा दिवस. आम्ही सकाळी बारामतीहून निघालो. अंथुर्ण्याला माळणी पाट्या घेऊन चढल्या. वांगी, मेथी, कोथिंबीर. गाडीला ओल्या मातीचा वास. मी तिकिटं फाडली. एवढ्यात समोरून जीप आली. आमचे साहेब उतरले. "गाडी खाली करा. सभेला माणसं न्यायचीत."

"इंदापूर करून लगीच येतो, सायेब."

"आत्ता. वरचा हुकूम आहे."

एक म्हातारी पाटीवर हात ठेवून म्हणाली, "उनात कोथमीर कशी ऱ्हाईल बाबा?"

आबांनी साहेबांकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "तिकीट फाडलंय, सायेब. त्येबी सरकारचंच हाय." आणि गाडी इंदापूरच्या रस्त्याला लावली. मी दार ओढून घेतलं.

माळणींना उतरवून आम्ही परत आलो, सभेची माणसं भरली, मांडवात नेऊन सोडली. पुढाऱ्यांची मोटार आमच्याही मागून आली. पण तक्रार गेली होती ती गेलीच.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "हुकूम कळला नव्हता का?"

"कळला व्हता. पन पायाचा दगड दुपारपत्तुर सुकत न्हाय. भाजी सुकती."

त्या दिवशी माळणी स्टँडवर आल्या होत्या. त्यांना साहेबांशी बोलायचं होतं. साहेब बाहेर आले नाहीत. शेवटी आबाच आले आणि म्हणाले, "बायांनो, जावा घरला. तुमचा दिस का बुडवता माज्यापायी?"

बदली झाली. लांब, घाटाखाली, कोकणात. हे ऐकून शेटनं निरोप धाडला, 'माझ्या ट्रकवर या, घर सोडायला नको.' आम्हाला वाटलं, आबा जाणार. ते गेले नाहीत.

"का हो आबा? तुमचं गाव, काटेवाडी, सुटंल."

"शेटकडं पुन्यांदा सुट्टी न्हाय." मग जरा लाजून म्हणाले, "म्हातारीजवळ बसायची सवं लागली रं. आता ह्या वयात मोडवत न्हाय."

दोघं निघाले त्या दिवशी पुण्याच्या गाडीवर माझीच पाळी होती. एक ट्रंक, एक वळकटी. आबांच्या हातच्या गाडीत काकी कधी बसल्या नव्हत्या. बाजारालाही त्या बैलगाडीनंच जायच्या. आज नवऱ्याबरोबर गाडीत बसल्या तर चालवणारा दुसराच. मी तिकीट फाडताना त्या म्हणाल्या, "बरं केलं का रं ह्यांनी?" मी उरलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

गाव मागं पडलं. उतार आला की आबांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. समोरून बैलगाडी आली की हात भोंगा वाजवायला उचलला जायचा. काकींनी तो हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. "तुमची न्हाय आता ही गाडी. बसा की निवांत."

आबांनी बाहेर पाहिलं. पुढच्या थांब्याला मी माणसं उतरवून मागं वळलो, तेव्हा त्यांची मान काकींच्या खांद्यावर टेकली होती. रस्ता खराब होता, गाडी उडत होती. काकी अंग चोरून, श्वास धरल्यासारख्या ताठ बसल्या होत्या, आबांची झोप मोडू नये म्हणून.