निर्व्यसनी मिस्त्री

मिस्त्रींना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. उभा जन्म त्यांनी लाकडी खुर्च्या-कपाटं केली, धाकट्या भावाला हाताशी धरून. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून लाकूड घासायचं काम कारखान्याचं दार लावूनच चालायचं. संध्याकाळी दोघे भाऊ पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे बाहेर पडायचे.

उजवी नाकपुडी चोंदली तेव्हा मिस्त्रींनी सर्दी म्हणून सोडून दिली. वाफ घेतली, थेंब घातले. मग त्याच बाजूने घोळणा फुटू लागला; त्याचं खापर उन्हावर फोडलं. वरची दाढ हलायला लागली, गाल सुजला, तेव्हा बायकोने त्यांना कामावरून उठवून दवाखान्यात नेलं. नाकात दुर्बीण घातली, तुकडा तपासला, आणि सायनसचा कॅन्सर निघाला.

चोरून तंबाखू खात असतील, ही पहिली शंका बायकोलाच आली. ती त्यांच्या सदऱ्यांचे खिसे चाचपू लागली. मिस्त्रींनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. भांडायचंही त्राण नव्हतं.

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरमागे बहुतेकदा तंबाखू, सुपारी आणि दारू असते, तंबाखूला दारूची जोड मिळाली की आणखी वाईट. पण नाकाच्या आणि सायनसच्या कॅन्सरला लाकडाची बारीक भुकटीही पुरते. परतताना बायको त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मिस्त्री एवढंच म्हणाले, "राहू दे आता."

ऑपरेशनमध्ये वरचा अर्धा जबडा गेला. मग किरणांचे शेक घेतले. टाळूला पडलेल्या भोकावर प्लेट बसवली. ती काढली की प्यालेलं पाणी नाकातून येई.

बऱ्याच महिन्यांनी ते कारखान्यात गेले, तर भाऊ तंबाखू मळत बसलेला. तो ओशाळला, पण म्हणाला, "दादा, तू कशाला हात लावला नाहीस, तरी तुला झालाच ना? मग मी सोडून काय होणार?"

मिस्त्री फळकुटावर बसले. जिभेने प्लेट नीट बसवून म्हणाले, "मला भुकटीचं माहीत नव्हतं रे. तुला तंबाखूचं माहीत आहे. आणि भुकटी तर तूही खाल्लीसच. वर हे कशाला?"

भावाने हातातलं झटकलं.

आता भुकटी ओढून घेणारं यंत्र बसवलंय, दार उघडं असतं. भाऊ मास्क लावतो, विसरतो, मिस्त्री खूण करतात. तंबाखू सुटते, पुन्हा लागते. हल्ली बरेच दिवस त्याचं तोंड रिकामं दिसतंय. मिस्त्री विचारत नाहीत. मापं सांगतात आणि दुपारी घरी जाऊन पडतात.