सातवीच्या फळ्यावर माळढोक आणि बिबट्या

आज वर्गात जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय. मी पुणतांब्याजवळ एका शाळेत विज्ञान शिकवते.

फळ्यावर तक्ता काढला होता. माळढोक हा पक्षी, बिबट्या सस्तन प्राणी. माळढोकाचं घर माळरान. बिबट्याचं जंगल असं लिहिलं खरं, पण खिडकीबाहेर ऊसच होता. शेवटी संवर्धन स्थिती लिहिली. माळढोक अतिसंकटग्रस्त, बिबट्या असुरक्षित.

सगळ्यांनी उतरवून घेतलं, सारिकाने नाही. तिच्या चार वर्षांच्या भावाला गेल्या महिन्यात बिबट्याने अंगणातून उचलून नेलं होतं.

"लिही ना गं," मी सवयीने म्हणाले आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

ती हळूच म्हणाली, "मॅडम, असुरक्षित तर आमी हाय. त्यो कसा?"

जंगल संपलं म्हणून तो उसात आला, हे पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. ते सांगायचं सोडून मी डस्टर घेऊन तक्ता पुसला. माळढोक तर आमच्यापैकी कुणी पाहिलेलाही नाही.

शाळा सुटल्यावर मुलं घोळक्याने उसाच्या कडेने घरी गेली. मी फाटकात नुसती उभी राहिले.

उद्या सारिकाला मी काय सांगू? तुम्हाला काही सुचतंय का?