फुल्ल लोडेड

"सरका बाप्पा, अजून एक मावते," असं म्हणत काकाजी आपल्या तीनचाकी टेम्पोचा फाळका लावायचे. ते 'अजून एक' बहुतेक माझे बाबा असायचे.

वडनेरहून हिंगणघाटच्या बाजारात आमची भेंडी-वांगी काकाजींच्याच टेम्पोतून जायची. आमच्याकडे तेव्हा सायकलही धड नव्हती. पावसानं भाजी सडली की आठवडाभर भाकर आणि तिखट-मीठ. टेम्पोत पुढे बायका बसत, बाबा मागे कट्ट्यांवर, म्हणजे भाजीच्या पोत्यांवर. गाव सोडून कॉलेजला निघालो तेव्हा मीही त्याच कट्ट्यांवर बसून गेलो. घराण्यातला पहिला पदवीधर झालो, त्या दिवसापासून काकाजींनी मला नावानं हाक मारणंच सोडलं. "काय बीए?" म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

नोकरी लागली. बाबांना स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, एवढंच डोक्यात होतं. हिंगणघाटात कापसाच्या एका जिनिंगवाल्याची जुनी, काळी, परदेशी बनावटीची गाडी विकायला निघाली. आता ती साध्या नव्या गाडीच्या भावात येत होती. ऑफिसातले म्हणाले, पार्टसाठी मुंबई गाठावी लागेल. मला ती घ्यायचीच होती. पाहायला काकाजींना सोबत नेलं.

दलाल म्हणाला, "गाडी फुल्ल लोडेड आहे."

काकाजींनी वाकून मागच्या काचेतून पाहिलं. "मंग पयले खाली करा ना."

लोडेड म्हणजे सगळ्या सोयी असलेली, हे मी समजावलं. ते जरा नाराजच झाले. "म्हंजे लोड नाईच? रिकाम्या गाडीचं काय पाह्यचं? चाल रे बीए, तुया मायबापाले बसवून पाहू."

दलालासकट वडनेरला आलो. आई मागे बसली. बाबाही सवयीनं मागचंच दार उघडू लागले.

"भाऊ, तू का कट्टा व्हय?" काकाजी म्हणाले. "फुडं बस."

बाबा पुढे बसले. बटण दाबल्यावर सीट आपोआप सरकली, तशी त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. मी शिवाराच्या रस्त्यानं गाडी काढली. इंजिन चालू आहे की बंद, कळत नव्हतं. बाबा काय म्हणतात याची मी वाट पाहत होतो.

"बसाले गादी हाय," ते म्हणाले. "पण लय खाली हाय रे. वावरं दिसत नाई."

कट्ट्यांवर उंच बसून बाबांनी इतकी वर्षं दोन्हीकडच्या शेतांतली कपाशी पाहिली होती. कोणाची फुटली, कोणाची लाल पडली, सगळं बाजार येईपर्यंत सांगायचे.

"वावरं पाह्याले गाडी घेते का कोनी?" काकाजी मागून चिडले. खरं तर गाडी त्यांनाच आवडली होती. सीटच्या मधली उशी खाली ओढून, तिच्यावर कोपर टेकून ते ऐटीत बसले होते. तुम्ही तेव्हा त्यांना आरशात पाहायला हवं होतं. उशीमुळे दलाल दाराशी चेंगरलाय हे लक्षात येताच त्यांनी ती परत वर ढकलली.

गाडी घेतली नाही. "काऊन सोडली रे बीए?" म्हणत काकाजींनी पुढे कितीतरी दिवस माझं डोकं खाल्लं.

पुढच्या हिवाळ्यात छातीत दुखण्याचं निमित्त झालं आणि काकाजी गेले. बाजाराच्या दिवशी लोक अजूनही चौकात थोडा वेळ नुसते उभे राहतात, मग दुसरं वाहन पाहतात.

उन्हाळ्यात मी उंच बांधणीची, साधी नवी गाडी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली, माझ्या नावावर. बाबा पुढे बसतात.