जागचा न हललेला

मांडवीच्या जेटीवर रात्री हौसेने फोटो काढणारा एक तरुण रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. शनिवारी शर्टाच्या टोकाने लेन्स पुसत त्याने आदल्या रात्री तिथेच झालेल्या ऑर्केस्ट्राचा फोटो दाखवला. त्यात गर्दीचा नुसता धूर होता.

"माणसं कुठे गेली हो?"

"शटर अर्धा मिनिट उघडं होतं, काका. जो हलला तो पुसला गेला. हा एकटाच हलला नाही बघा."

जेटीच्या टोकाला, गाण्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत माझा मुलगा उभा होता. घरी तर म्हणाला होता, खूप नाचलो.

"हा माझा मुलगा," मी कसंबसं म्हणालो. "फोटोचे किती द्यायचे?"

"पैशांचं राहू दे. आजही तो तिथेच उभा आहे."

दचकेल म्हणून मी हाक मारली नाही. हळूच टोकापर्यंत जाऊन मुलाचा दंड धरला.