धक्क्यावर बसून राहिलेला बंड्या

बंगळूरच्या या तळ्यावर कुत्र्यांना लांब उड्या शिकवतात. मालक कुत्र्याला लाकडी धक्क्याच्या मागच्या टोकाला बसवतो, पुढे जाऊन पाण्यावर चेंडू फेकतो. इशारा झाला की कुत्रा धावत येऊन झेपावतो. मी भिजलेली कुत्री पुसतो. आठवीत शाळा सोडलेल्या मला हे काम इथे कुत्रा घेऊन येणाऱ्या एका काकांनी मिळवून दिलं, केवळ मी मराठी बोललो म्हणून. गेल्या महिन्यात काका वारले.

आज काकू त्यांच्या बंड्याला घेऊन आल्या. चेंडू फेकून म्हणाल्या, "पळ रे बाबा."

बंड्या बसूनच राहिला.

"हे काय म्हणायचे रे त्याला?"

चेंडू फेकला की काका मागे येऊन, वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगायचे, की तो सुटायचा. मोठ्यांचं बोलणं ऐकू नये म्हणून मी टॉवेल घेऊन लांब उभा राहायचो.

"मी कधी ऐकलं नाही, काकू."

"माझ्या कानात तर कधी काही बोलले नाहीत," काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

ज्याने बसायला शिकवलं तोच उठवेल, एवढंच बंड्याला ठाऊक. माणसंही अशी बसून राहतात. चार वर्षांपूर्वी आईला 'येतो' म्हणून निघालो, अजून परत गेलो नाही. फोनवर ती म्हणते, "ये सावकाश, मला कुठे घाई आहे." ते ऐकून मला बरं वाटायचं. आज भीती वाटली.

काकू बंड्याशेजारी खाली बसल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. त्याने शेपटी हलवली. पण तो बघत होता वर, उभ्या माणसाचा चेहरा जिथे असतो तिथे.